दाखल-खारीज रजिस्टर आणि एका पिढीचे स्मरणरंजन

संज्ञा

स्मरणरंजन म्हणजे सरलेल्या काळाच्या आठवणीत मन रमवणे. ‘नॉस्टॅल्जिया’ या युरोपीय शब्दासाठी मराठीने हा शब्द घडवला. मूळ शब्द मात्र रोगाचे नाव म्हणून जन्माला आला होता. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात, घरापासून दूर राहणाऱ्या स्विस माणसांच्या व्याधीला हे नाव दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने त्यासाठी जोडले. या व्याधीवर घरी परतणे हाच उपाय मानला जाई. पुढच्या दोन शतकांत शब्दाचा अर्थ स्थळाकडून काळाकडे सरकला आणि उपाय संपला, कारण गावी परत जाता येते, बालपणात जाता येत नाही. मराठीतल्या ‘स्मरणरंजन’ या शब्दात सुख पुढे आहे, तर ‘गतकातरता’ या दुसऱ्या शब्दात हुरहूर पुढे आहे. साठी-सत्तरी गाठलेले वर्गमित्र एकत्र येतात तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत असतात.

वर्गमित्रांचे स्मरणरंजन घराच्या किंवा गावाच्या आठवणींपेक्षा वेगळे असते. घरात वडीलधारे आणि धाकटे असतात, त्यामुळे एकच घटना प्रत्येकाला वेगळ्या वयात भेटलेली असते. वर्गातली सगळी माणसे एका वयाची असतात. १९७२चा दुष्काळ आला तेव्हा एखाद्या वर्गातले सगळे सातवीत होते, १९९३चा भूकंप झाला तेव्हा सगळ्यांची मुले शाळेत होती, हातात मोबाइल आला तेव्हा सगळे चाळिशीत होते. घरे, जाती, धर्म वेगळे असूनही बदल एकाच वयात सोसलेला हा गट असतो. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत तर बदलांचा वेग असा होता की, त्या पिढीचे बालपण आणि म्हातारपण एकाच मुलखात गेले यावर नातवंडांचा सहज विश्वास बसत नाही.

एक जूनची पिढी

ही पिढी साधारण १९५० ते १९६५ या काळात जन्मली. तिची एक ओळख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, म्हणजे मुले शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदवहीत, सापडते. या रजिस्टरातील कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून आहे. खेड्यात जन्माची नोंद क्वचितच होई. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘थोरलीच्या लग्नाच्या साली’ असे आईला आठवे, पण त्याचे इंग्रजी तारखेत रूपांतर कोण करणार? शाळा जूनमध्ये सुरू होई. पहिलीसाठी वय पुरे भरावे म्हणून गुरुजी मुलाकडे पाहून वर्ष ठरवत आणि पुढे १ जून लिहीत.

या एका तारखेचे परिणाम आयुष्यभर पुरले. महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असतो, तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, एसटीचे वाहक, पाटबंधारे खात्यातले कारकून झालेले वर्गमित्र ३१ मे या एकाच दिवशी निरोपाचा हार घालून घरी आले. एकाच दिवशी शाळेत गेलेली मुले एकाच दिवशी कामावरून मोकळी झाली. वर्गमित्रांचे गट निवृत्तीनंतर का जुळतात, याचे एक साधे कारण या योगायोगात आहे. दर १ जूनला व्हॉट्सॲपवरच्या वर्गाच्या गटात अनेकांना एकदम वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळतात. ती तारीख खोटी आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि ती सर्वांची आहे हेही.

ऐकून माहीत असलेला काळ

या पिढीच्या आठवणींचा पहिला थर तिच्या स्वतःच्या अनुभवाचा नाही, तो आईवडिलांकडून आलेला आहे. नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. संस्थानात कारभाराची भाषा उर्दू होती. माध्यमिक शिक्षणावर उर्दूची पकड होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले उच्च शिक्षणही उर्दूतून होते. शाळांच्या पायऱ्यांना तहतानिया, वुस्तानिया, फौकानिया अशी नावे होती. घरी मराठी बोलणारा बाप अर्ज मात्र उर्दूत लिहितो, हे दृश्य या पिढीने लहानपणी पाहिले. तलाठ्याला पटवारी आणि मंडल निरीक्षकाला गिरदावर म्हणण्याची सवय त्या बापांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

संस्थानचे चलनही वेगळे होते. निजामाचा रुपया ‘हाली’ आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया ‘कलदार’ म्हणून ओळखला जाई. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. संस्थान भारतात आल्यावरही काही वर्षे हाली नाणी बाजारात फिरत राहिली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर आले. तरी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेणारे गुरुजी होते. आणे आणि शेर-मापाच्या हिशेबासाठी घडवलेले हे पाढे शंभर पैशांच्या रुपयात निरुपयोगी ठरले. या पिढीतले अनेक जण आजही ते न अडखळता म्हणतात. ज्याचा उपयोग संपला ते ज्ञान सर्वांत पक्के राहिले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. जुनी माणसे त्याआधीच्या काळाला ‘रझाकारी’ आणि सैन्याच्या कारवाईला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणत. शाळेतल्या ध्वजवंदनात संस्थानच्या मुक्तिलढ्याची आणि त्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची कथा दरवर्षी सांगितली जाई. रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र दलाच्या भीतीने गाव सोडून सरहद्दीपलीकडे गेलेल्या घरांच्या कहाण्या त्यात होत्या. त्याच वर्गातल्या मुसलमान मुलांच्या घरी मात्र सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांची वेगळी आठवण होती. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केंद्र सरकारला दिलेल्या अहवालात, त्या काळातल्या मुसलमानांवरील हिंसाचाराची सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे आहेत. एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांना घरून मिळालेला वारसा इतका निराळा होता. वर्गात त्याविषयी बोलणे झाले नाही, आणि पन्नास वर्षांनंतरही ते क्वचितच होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जागा न बदलता तीन राज्यांचे रहिवासी झालेल्या माणसांची मुले म्हणजे ही पिढी.

दुष्काळ आणि शाळा

स्वतः अनुभवलेल्या आठवणींत पहिली मोठी खूण १९७२ची आहे. ‘बाहत्तरचा दुष्काळ’ एवढे शब्द पुरतात, साल पूर्ण सांगावे लागत नाही. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. पाझर तलाव, नाला बांध, रस्त्यांची मातीकामे आणि खडी फोडणे, अशी ही कामे होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण तीही मोजून खावी लागे. कामावर आणि शाळेत सुकडी वाटली जाई. अनेक मुले आईबरोबर खडीच्या ढिगाशी बसली, आणि त्यांतली काही पुन्हा वर्गात आली नाहीत. या अनुभवातून घडत गेलेला रोजगार हमीचा कायदा राज्याने १९७७ मध्ये केला. पुढे देशपातळीवरच्या रोजगार हमीला याच अनुभवाचा आधार मिळाला.

शाळा म्हणजे बहुधा मारुतीचे देऊळ, चावडी किंवा दोन खोल्यांची माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, इमारत. बसायला पोत्याचे बस्कर घरून न्यायचे. पाटी, मग बोरू आणि दौत, मग टाक, आणि शेवटी बॉलपेन, हा प्रवास एका विद्यार्थ्याच्या दहा वर्षांत झाला. बॉलपेनने अक्षर बिघडते म्हणून ते वर्गात चालत नसे. फी भरता न येणाऱ्यांसाठी नादारी (गरिबांना फीमाफी) आणि ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत) होती, आणि त्या सवलतींनीच या पिढीतल्या पहिल्या पदवीधरांची फळी उभी केली.

परीक्षेची पद्धतही याच काळात बदलली. आधी अकरावीला मॅट्रिक असे. १९७५ मध्ये दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्यामुळे ‘अकरावीची जुनी मॅट्रिक’ आणि ‘दहावीवाले’ अशी पिढीची पोटविभागणी झाली. निकाल वर्तमानपत्रात बैठक क्रमांकाने छापून येई. तालुक्याहून येणाऱ्या एसटीतून पेपर उतरेपर्यंत सारा वर्ग थांब्यावर उभा असे. पास झालेल्याचा आनंद आणि नापास झालेल्याचे खाली गेलेले डोके, दोन्ही एकाच जागी आणि एकाच क्षणी सर्वांनी पाहिलेले असत.

शिक्षक या आठवणींच्या केंद्रस्थानी आहेत. नांदेडच्या पिढीत नरहर कुरुंदकरांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. १९३२ मध्ये नांदापूर येथे जन्मलेले कुरुंदकर आधी शाळेत शिक्षक होते आणि पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे एका कार्यक्रमातच त्यांना मृत्यू आला. विद्यार्थिदशेत परीक्षांत अपयश पाहिलेला माणूस महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात एवढा मोठा होतो, हे उदाहरण त्या काळच्या नापास मुलांना धीर देणारे होते. खेड्यातल्या गुरुजींची नावे कोशात नाहीत. ती वर्गमित्रांच्या बोलण्यातच टिकून आहेत.

रूळ, बाजार आणि शेत

बदलाचे सर्वांत डोळ्यांत भरणारे चित्र रेल्वेचे आहे. लातूरला बार्शी लाइट रेल्वे होती, दोन फूट सहा इंच रुंदीची. ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या पुढाकाराने तिचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. १९११ मध्ये ती लातूरला आणि १९२७ मध्ये पश्चिमेकडे मिरजेला पोचली. लातूरची तूर, गूळ आणि करडई या गाडीने बाहेर गेली. शिकायला निघालेला मुलगा कुर्डुवाडीपर्यंत याच गाडीने जाई. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस हा मार्ग रुंद झाला. नांदेड मीटरगेज मार्गावर होते, मनमाड ते काचीगुडा. पुढे तोही मार्ग रुंद झाला.

एप्रिल २०१६ मध्ये याच मिरज-लातूर दिशेने रेल्वेने पाणी आले. शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी-भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागू झाली होती. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. ज्या मार्गाने लातूरने जगाला धान्य पाठवले, त्याच मार्गाने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. निवृत्त झालेल्या किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या या पिढीच्या तोंडी तेव्हा एक वाक्य वारंवार येई: बाहत्तरला अन्न नव्हतं पण पाणी होतं, आता अन्न आहे तर पाणी नाही. हे वाक्य तक्रारीचे वाटते, पण त्यात शेतीच्या चाळीस वर्षांचा हिशेब आहे. बाहत्तरनंतर गावोगाव हापसे बसले आणि पुढे शेतोशेती विजेवर चालणारे बोअर आले. मांजरेच्या खोऱ्यात ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले. ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई आलटून-पालटून घेण्याची रीत मागे पडून खरिपात सोयाबीन पसरले. पूर्वीच्या विहिरीत पोहणारी मुले आज शेकडो फूट खोल बोअरचे बिल भरतात.

लातूरच्या बाजाराचे रूप १९१७ सालच्या गंज गोलाईत आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या वर्तुळाला सोळा रस्ते येऊन मिळतात. मिरची, गूळ, सोने, चपला, असा एकेका रस्त्याचा एकेक बाजार. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाले. नांदेडमध्ये उस्मानशाही मिल होती. गिरणी हे त्या शहराच्या रोजच्या जगण्याचे घड्याळ होते, आणि ती बंद पडली तेव्हा कामगारांच्या मुलांचे बालपणही जणू कुलूपबंद झाले. गोदावरीच्या काठचे हे शहर शिखांचे तख्त सचखंड श्री हजूर साहिब यासाठी जगभर ओळखले जाते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे येथे देहावसान झाले. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद मिळाल्याच्या, त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, पूल आले, जुन्या नांदेडच्या गल्ल्यांची तोंडे बदलली. मराठी बोलणारे दखनी शीख वर्गमित्र हे नांदेडच्या पटाचे खास वैशिष्ट्य आहे. २०११च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आणि लातूरची पावणेचार लाखांच्या पुढे होती. सायकलवर तासाभरात संपणारी ही शहरे त्याच माणसांना आता रिक्षावाल्याला पत्ता विचारल्याशिवाय सापडत नाहीत.

तीस सप्टेंबर

३० सप्टेंबर १९९३ची पहाट या पिढीला मध्यात चिरते. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली आणि ५२ गावे पूर्ण नव्याने वसवावी लागली.

मृत्यूचे मुख्य कारण घरांच्या रचनेत होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद, अशी घरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. ती उन्हाळ्यात थंड राहत आणि माळवदावर रात्री झोपता येई. ज्या घराच्या गारव्याची आठवण माणसे काढतात, तेच घर त्या पहाटे अंगावर कोसळले. नवी गावे आखीव रस्त्यांची आणि सुट्या सुट्या घरांची झाली. ती सुरक्षित आहेत, पण जुन्या गावातला भिंतीला भिंत लागलेला शेजार त्यांत नाही. जुने गाव हवे असे तिथली माणसे म्हणतात तेव्हा ती माळवद मागत नाहीत, शेजार मागतात. स्मरणरंजनाकडे पाहताना हा फरक ओळखावा लागतो. आठवण वस्तूची काढली जाते, पण उणीव बहुधा नात्याची असते.

भूकंपग्रस्त गावांतल्या वर्गांच्या हजेरीपटांवरची अनेक नावे या एका तारखेने पुसली. तिथे वर्गमित्रांची भेट नावे वाचून सुरू होते आणि काही नावांवर बराच वेळ थांबते.

शिक्षणाची उलटलेली दिशा

या पिढीच्या वडीलभावांना पदवीसाठी हैदराबादकडे पाहावे लागे. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले, १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय आणि १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय आले. शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नांदेडचे गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१चे.

मग ‘लातूर पॅटर्न’ आला. जादा तास, सतत चाचण्या, प्रश्नपत्रिकांचा पुन्हा पुन्हा सराव आणि शिक्षकांचे वैयक्तिक लक्ष, या बळावर लातूरची मुले बारावीच्या गुणवत्ता यादीत राज्यात पुढे दिसू लागली. शिक्षणासाठी गाव सोडणाऱ्यांच्या लातुरात राज्यभरातून मुले शिकायला येऊ लागली. शिकवणी वर्ग, खानावळी, वसतिगृहे यांची वेगळी वस्ती उभी राहिली. नापासांच्या यादीत मित्र शोधणारी पिढी नातवंडांच्या टक्केवारीत दशांशाचा फरक मोजताना दिसते. तिला यात अभिमान आहे आणि धास्तीही आहे. तिच्या शाळेत वेळ पुष्कळ होता आणि संधी थोड्या होत्या, नातवंडांच्या शाळेत संधी पुष्कळ आहेत आणि वेळ नाही.

स्नेहमिलनाची रीत

या सगळ्या आठवणींना आता एक ठरलेला विधी मिळाला आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमिलन भरते. घंटा वाजवली जाते, प्रार्थना होते, हयात गुरुजींना आणि बाईंना शाल-श्रीफळ दिले जाते. गेलेल्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. मग हजेरी. गुरुजी क्रमांक पुकारतात आणि पासष्ट वर्षांचा माणूस उभा राहून ‘हजर’ म्हणतो. शाळेला शुद्ध पाण्याचे यंत्र, संगणक किंवा रंगरंगोटीसाठी पैसे दिले जातात. दुपारी जेवण, आणि संध्याकाळपर्यंत कोणी उठत नाही.

या भेटीत सर्वांत आधी भाषा परत येते. पुण्या-मुंबईत चाळीस वर्षे प्रमाण मराठी बोललेला माणूस शाळेच्या फाटकात शिरताच ‘काय करूलालास?’ असे विचारतो. समोरून ‘निवांत हाव’ असे उत्तर येते. लातूर-उदगीर-नांदेड भागाचे ‘करूलालाव, जाऊलालाव’ हे क्रियारूप त्याने कार्यालयात लपवले होते, कारण त्यावर इतर हसत. ते उच्चारायला सुरक्षित जागा म्हणजे वर्ग. टोपणनावेही अशीच परततात. मुलाबाळांसमोर ‘साहेब’ असलेल्याला त्याच्या खऱ्या नावाने किंवा त्याहून खऱ्या टोपणनावाने हाक मारणारे जगात एवढेच लोक उरलेले असतात.

गैरहजर

हजेरीत काही क्रमांकांना उत्तर येत नाही. त्यांत मृतांचा शोक उघड असतो. बाकीच्यांबद्दल शांतता असते.

पहिला गट मुलींचा. चौथीनंतर, सातवीनंतर त्यांची संख्या घटत गेली. ज्या दहावीपर्यंत टिकल्या त्यांचे लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, गाव बदलले. माहेरच्या नावाने शोधणाऱ्याला त्या सापडत नाहीत. ज्या येतात त्यांच्यासाठी ही भेट अधिक मोठी असते. कोणाची सून, कोणाची आई याआधीचे स्वतःचे नाव पुकारले जाणे, हे त्यांना कित्येक दशकांत प्रथमच लाभते.

दुसरा गट दुष्काळाने किंवा गरिबीने शाळा सोडलेल्यांचा. गटात बहुधा ‘पास’ झालेलेच असतात. ज्याने सातवीत पाटी ठेवून सालगडी म्हणून काम धरले, तो त्याच गावात असूनही त्याला निमंत्रण जात नाही, कारण तो ‘बॅच’चा मानला जात नाही.

तिसरा गट, ज्यांना जुना काळ गोड वाटण्याचे कारण नव्हते त्यांचा. पाण्याच्या माठापासून दूर ठेवलेले, वर्गाच्या कडेला बसवलेले दलित विद्यार्थी याच पटावर होते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, तेव्हा मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. त्या काळात एकाच वर्गात शिकलेली मुले एकमेकांसमोर उभी राहिली. ‘आमच्या वेळी जातपात नव्हती’ हे वाक्य स्नेहमिलनात सहज बोलले जाते. ज्यांना जात सोसावी लागली नाही त्यांच्या डोळ्यांना ती दिसली नाही, एवढाच त्याचा खरा अर्थ आहे. हे वाक्य ऐकून जो गप्प राहतो, त्याची आठवण पटावर यायची बाकी असते.

आठवणीची घडण

उतारवयात तारुण्याच्याच आठवणी दाट का असतात, याचा मानसशास्त्रात पुष्कळ अभ्यास झाला आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग इतर काळापेक्षा अधिक संख्येने येतात. पहिली नोकरी, पहिले शहर, पहिला अपमान, पहिली मैत्री याच वयातली असते, म्हणून ती खोल उमटते. त्यामुळे माणसाला जो काळ ‘चांगला’ वाटतो, तो पुष्कळदा केवळ त्याच्या तारुण्याचा काळ असतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडले की, माणूस एकटा आठवत नाही. ज्या गटात तो असतो त्या गटाच्या चौकटीत त्याची आठवण उभी राहते. वर्गमित्र विखुरले की ती चौकट मोडते आणि ते जमले की एकाच्या अर्ध्या वाक्याला दुसरा पुरे करतो. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मधल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन कल दाखवले. एकाला हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधायचे असते. दुसरा त्या घराच्या पडझडीकडेही पाहत राहतो आणि हरवणे मान्य करून विचार करतो. पहिल्यातून वर्तमानाचा राग जन्मतो, दुसऱ्यातून समज. नांदेड-लातूरच्या पिढीला दुसरा मार्ग जवळचा आहे, कारण तिच्या भूतकाळात मिलोची भाकरी, माळवदाखालचे मृत्यू आणि पेटलेल्या वस्त्या आहेत. तो काळ जसाच्या तसा परत हवा, असे तिच्यातला कोणीही मनापासून म्हणू शकत नाही.

नोंद

ज्या घटनांना सरकारी कागद आहेत त्यांचा इतिहास लिहिला जातो. मराठवाड्यात रोजच्या जगण्याचा कागद विरळ आहे. जो आहे त्यातला पुष्कळसा उर्दूत आणि उरलेला कसर लागलेल्या कपाटांत आहे. अशा मुलखात वर्गमित्रांची बैठक हाच एक दफ्तरखाना ठरतो. तिचे आयुष्य मर्यादित आहे, दर स्नेहमिलनात काही पाने कमी होतात. म्हणून या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, तारखा तपासून लिहिणे, पाढे, खेळ, बोलीतले शब्द, पिकांच्या आणि विहिरींच्या नोंदी गोळा करणे, जुने वर्गछायाचित्र हाती घेऊन प्रत्येक चेहऱ्याखाली नाव घालणे, ही कामे या पिढीने स्वतः करण्याची आहेत. पाण्याच्या यंत्राइतकीच ही देणगीही शाळेला लागते.

याची सुरुवात दाखल-खारीज रजिस्टरापासून करता येते. त्यात जन्मतारखेचा रकाना आहे आणि तिथे १ जून लिहिलेले आहे. त्याच ओळीत पुढे ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा रकाना आहे. तिथे बहुधा दोनच नोंदी आढळतात: ‘सतत गैरहजर’ किंवा ‘पालकाच्या अर्जावरून’. पहिला रकाना सोयीसाठी खोटा लिहिला गेला आणि त्याने कोणाचे नुकसान झाले नाही. दुसऱ्या रकान्याने मात्र खरे कारण झाकले. तेराव्या वर्षी लागलेले लग्न, खडी फोडायला गेलेली आई, माठाजवळ झालेला अपमान, जळालेले घर, ही कारणे कागदावर कोणी लिहिली नाहीत. ती शेजारच्या बस्करावर बसणाऱ्याला माहीत आहेत, आणि आता फक्त त्यालाच माहीत आहेत. प्रत्येक गैरहजर नावापुढे ते खरे कारण ज्या दिवशी लिहिले जाईल, त्या दिवशी वर्गमित्रांचे स्मरणरंजन या दोन जिल्ह्यांचा इतिहास होईल.